सोबतीचा तगादा

सकाळी नियमाने फिरावयास जाण्याचा निश्चय ज्याने आयुष्यात एकदाही केला नाही असा मध्यमवयीन मराठी गृहस्थ शोधून सापडणे जितके कठीण, तितकेच, तो निश्चय दुसरा पावसाळा लागेपर्यंत निभावून नेलेला गृहस्थ सापडणेही कठीण. आणि या दोहोंमधील तफावतीचा विचार आपल्याकडे होतो तो प्रायः नीतिशास्त्राच्या अंगाने, म्हणजे अमक्याची इच्छाशक्ती दुर्बळ, तमक्याच्या अंगी शिस्त नाही, असा निवाडा देऊन मोकळे होण्याकरिता. माझे म्हणणे असे की हा प्रश्न इच्छाशक्तीचा थोडा आणि व्यवस्थेचा फार आहे. स्वतःशी केलेल्या संकल्पात सावकारही आपण आणि कूळही आपणच असल्यामुळे मुदत टळली तरी तगादा लावणारे कोणी नसते, माफीचा हुकूम पांघरुणातच सुटतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत सगळे खाते बिनबोभाट बुडीत निघते. जो चौघांबरोबर चालावयास निघतो त्याचा व्यवहार मात्र चौघांच्या साक्षीने झालेला असतो, आणि साक्षीदार पहाटे सव्वापाचला कोपऱ्यावर येऊन उभे असतात.

परंतु सोबतीचे गुणगान करण्यापूर्वी चालणे कोणते, याचा खुलासा करणे प्राप्त आहे. कारण जेवणानंतरची शतपावली, देवळापर्यंत जाऊन येताना भाजी आणणे, अथवा कचेरीतून फोनवर बोलत व्हरांड्यात घातलेल्या येरझारा, यांची बेरीज करून आपण भरपूर चालतो असे मानणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शतपावली हितकारकच, तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण हृदयाला व फुप्फुसांना जे काम मिळावयास हवे ते तिने मिळत नाही. भरभर चालण्याची वैद्यकशास्त्राने दिलेली कसोटी अत्यंत सोपी आहे: चालताना सोबत्याशी बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. मिनिटाला साधारण शंभर पावले पडू लागली म्हणजे बहुतेक प्रौढांच्या बाबतीत ही अवस्था येते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे अशा मध्यम श्रमाची आठवड्यास किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, भरली म्हणजे पुष्कळ साधले. रोज दहा हजार पावलांचा जो दंडक आज घरोघरी मनगटावर बांधलेला दिसतो, त्याचा उगम कोणत्याही प्रयोगशाळेत नसून टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली एका जपानी कंपनीने विक्रीस आणलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावात आहे, हे कळल्यावर पुष्कळांना हायसे वाटेल. २०१९ साली अमेरिकेत वृद्ध स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत साडेसात हजारांच्या आसपास लाभाचा आलेख सपाट होऊ लागल्याचे आढळले. ज्यांचे अडते ते आकड्यापाशी नव्हे, उंबरठ्यापाशी.

या उपचाराची गरज आपल्याला इतरांहून अधिक आहे, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘मी कुठे लठ्ठ आहे?’ हा युक्तिवाद आपल्याकडील सडपातळ माणूस मोठ्या आत्मविश्वासाने करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे व त्यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापून या युक्तिवादातील हवाच काढून घेतली, उंचीच्या मानाने दोघांचे वजन एकाच मापाचे, २२.३ या निर्देशांकाचे, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहाच्या आत हे असे गुप्तधन साठलेले असते, आणि त्याची वसुली पुढे मधुमेहाच्या रूपाने होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले त्यांनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत, आणि त्या वाटेवर उभे असलेले त्याहूनही अधिक.

याच वाटेवरील ५३१ जणांवर चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला तो प्रत्येक वैद्याने आपल्या दवाखान्यात टांगून ठेवावा असा आहे. ज्यांना नेहमीचाच सल्ला देऊन सोडण्यात आले त्यांपैकी तीन वर्षांच्या सुमारास ५५ टक्क्यांना मधुमेह झाला; ज्यांना रोज अर्धा तास भरभर चालावयास व आहार सुधारावयास लावले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले, आणि औषधाच्या गोळीनेही याहून अधिक काही साधले नाही. यातील मला लक्षणीय वाटते ती गोष्ट अशी की त्या लोकांना उपदेशाचा कागद हाती देऊन घरी पाठवलेले नव्हते. त्यांच्याशी वारंवार संपर्क ठेवून चाललात का, किती चाललात, याची विचारपूस होत होती. प्रमेहाच्या निर्धन रुग्णाने पायांत जोडा न घालता, डोक्यावर छत्र न धरता, भिक्षेवर निर्वाह करीत शंभर योजने चालावे, अशी आज्ञा सुश्रुताने फार पूर्वी देऊन ठेवली आहे. त्या मानाने आजचे वैद्य अर्ध्या तासावर तडजोड करतात, आणि आपण तीही मोडतो.

विचारपूस हेच या सगळ्या प्रकरणातील मुख्य औषध आहे. पुण्यातील हनुमान टेकडी किंवा तळजाई, साताऱ्याचा अजिंक्यतारा, कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईतील शिवाजी पार्क, यांपैकी कोठेही पहाटे जाऊन उभे राहावे, म्हणजे वर्षानुवर्षे त्याच वेळी, त्याच क्रमाने जाणाऱ्या टोळ्या दिसतात. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले व्यवस्थापक असतात, रिक्षा चालवणारे असतात, वकील असतात, आणि एकमेकांचे आडनाव ठाऊक नसतानाही एकमेकांचा रक्तदाब त्यांना ठाऊक असतो. त्यांपैकी एखादा दोन दिवस गैरहजर राहून तिसऱ्या दिवशी उगवला की त्याला एकच वाक्य ऐकावे लागते: ‘काय काका, दिसला नाहीत दोन दिवस? बरं आहे ना?’ या वाक्यात दटावणी नाही, आणि तरीही संध्याकाळी उशिरापर्यंत दूरदर्शनसंचासमोर बसू पाहणाऱ्या काकांना वेळेवर निजावयास लावण्याचे जे सामर्थ्य त्यात आहे ते कोणत्याही आरोग्यविषयक ग्रंथात नाही. चालणाऱ्या गटांविषयीच्या ४२ अभ्यासांचा एकत्रित आढावा ब्रिटनमधील दोन संशोधकांनी २०१५ साली घेतला, त्यात रक्तदाब, विश्रांतीच्या वेळची नाडी, शरीरातील चरबी, मनाची खिन्नता, या सर्वांत सुधारणा आढळली. पण त्याहून मोलाची नोंद ही की अशा गटांतून गळणाऱ्यांचे प्रमाण थोडे होते. अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील बागेत १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांनिशी सुरू केलेला हास्यसंघ जगभर पसरला, तोही, माझा दाट संशय असा आहे, हसण्याच्या गुणापेक्षा ठरल्या वेळी कोणीतरी आपली वाट पाहत आहे या जाणिवेमुळे.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. तालमीत वस्ताद असे आणि जोडही असे. एकट्याने घुमवलेल्या मुद्गलाची कथा सांगणारा सहसा भेटत नाही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो शाळाशाळांतून, मुलांच्या रांगा उभ्या करून. आणि सामूहिक चालण्याचे शास्त्र पाहावयाचे असेल तर वारीकडेच पाहावे लागते. आळंदीहून पंढरीस जाणाऱ्या सोहळ्याला आजचे स्वरूप देणारे हैबतरावबाबा आरफळकर हे शिंदे सरकारच्या पदरी राहिलेले लष्करी पेशाचे गृहस्थ होते, आणि त्यांच्या त्या पेशाची छाप दिंड्यांच्या क्रमावर, मजलांच्या आखणीवर, चोपदाराच्या अंमलावर आजही दिसते. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच एवढा मोठा समुदाय निःशब्द होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, आणि तिचे गाऱ्हाणे तेथल्या तेथे ऐकून घेतले जाते. हजारो माणसे एकत्र चालवावयाची तर त्यांच्या तक्रारीलाही ठरलेली जागा असली पाहिजे, हे ज्यांना उमगले होते त्यांच्या व्यवहारज्ञानाला काय म्हणावे! एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे: वारकरी चालता-चालता अभंग म्हणतो, तेव्हा वर सांगितलेल्या कसोटीस त्याची चाल उतरत नाही. पण सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पुणे ते सासवड ही दिवे घाटाची लांबलचक मजल एका दिवसात पार करतात, तेव्हा कसोटीनेच थोडा संकोच करावा.

आता सोबतीचे दोष. मराठी माणसे चार एकत्र आली की पाचव्या दिवशी मंडळ स्थापन होते, सहाव्या दिवशी अध्यक्ष व कार्याध्यक्ष यांच्यात बेबनाव होतो, आणि वर्धापनदिनाच्या वर्गणीपायी निम्मे सभासद चालणे सोडतात. म्हणून फिरणाऱ्यांच्या गटाला नाव, शिक्का, वर्गणी आणि पदाधिकारी यांपैकी काहीही असू नये, असे माझे ठाम मत आहे. दुसरा दोष अधिक सूक्ष्म. गप्पा रंगू लागल्या की पावले मंदावतात, राजकारणाचा विषय निघाला की ती थांबतात, आणि शेवटी उपाहारगृहातील मिसळीपाशी ज्या वेगाने मंडळी पोहोचतात तोच काय तो त्या दिवसातील खरा भरभर वेग ठरतो. चाळीस मिनिटांच्या चालण्यात जे खर्ची पडते ते एका तर्रीदार मिसळीने व दोन पावांनी व्याजासह परत येते, हे सांगितल्यास मित्र रागावतात, रागावू द्यावेत. तिसरा प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवरील गटाचा. सूर्योदयाच्या चित्रांची देवघेव करून व्यायाम केल्याचे समाधान मिळवणारे जे आहेत त्यांच्याविषयी लिहावयास जागा पुरणार नाही.

गट लहान असावा, चार ते आठांचा. त्याहून मोठा झाला की एखाद्याची अनुपस्थिती कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ध्यानात न येणारी सोबत ही सोबतच नव्हे. सर्वांचा वेग एक नसतो, तेव्हा पुढच्यांनी ठरलेल्या वळणापर्यंत जाऊन उलट फिरावे आणि मागच्यांना गाठून पुन्हा वळावे. अशाने कोणी मागे पडत नाही आणि कोणाला रेंगाळावेही लागत नाही. नवागताला पहिल्या दिवसापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत ओढत नेण्याचा उत्साह जुन्या मंडळींत फार असतो, तो आवरला पाहिजे. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे आयुर्वेदाने बजावले आहे, आणि ज्यांना छातीत दुखण्याची वा धाप लागण्याची तक्रार आहे त्यांनी सोबत्यांपूर्वी वैद्याची गाठ घ्यावी.

येथवर जे लिहिले ते प्रायः पुरुषांना लागू पडते, कारण पहाटेचा तास स्वतःच्या मालकीचा असणे हे आपल्याकडे अजून बव्हंशी पुरुषांचेच वतन आहे. २०२२ सालच्या स्थितीविषयी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जे आकडे आले त्यांप्रमाणे पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण भारतीय पुरुषांत सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के आहे. ते वाचून स्त्रियांना आळशी ठरवणाऱ्याने एका सकाळी पाणी भरून, तीन डबे करून, मुलाला शाळेच्या गाडीत बसवून दाखवावे. दिवसभर उभ्याने राबणे वेगळे आणि हृदयाची गती वाढेल असे सलग चालणे वेगळे, हा भेद घरातल्यांना पटत नाही, आणि एकटीने उजाडण्यापूर्वी बाहेर पडण्याची धास्ती खरीच असते. अशा ठिकाणी गट हा नुसता उत्तेजनाचा विषय राहत नाही, तो परवाना होतो. ‘मी फिरायला जाते’ या वाक्याला सासरी जी हरकत घेतली जाते ती ‘आई, खाली जोशीकाकू आणि सगळ्याजणी थांबल्या आहेत, येते मी जाऊन’ या वाक्याला सहसा घेतली जात नाही. संख्येने भीती कमी होते, संकोच कमी होतो, आणि डबा एक दिवस नवऱ्याने भरला तरी आभाळ कोसळत नाही, ही बातमी एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचते. ज्या वसाहतीत स्त्रियांचा असा एखादा गट उभा राहिला आहे तेथील पुरुषमंडळींनी त्याचे नेतृत्व करावयास जाऊ नये, एवढी विनंती.

नगरपालिका व महानगरपालिका यांचाही या कामी काही भाग आहे, आणि तो बागेत व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवून फीत कापल्याने संपत नाही. चालणाऱ्याला हवा असतो सलग पदपथ, ज्याच्या मध्ये विजेची पेटी, फळाची गाडी आणि दुचाकी वाहने आळीपाळीने उभी नसतील. त्याला हवे असतात उजाडण्यापूर्वी लागलेले दिवे आणि पाच वाजता उघडलेले बागेचे फाटक. ज्या गावांत टेकडी नाही, तलाव नाही, बागही नाही, तेथे निदान शाळेचे मैदान असते, आणि ते नेमक्या पहाटेच्या वेळी कुलूपबंद असते. शाळा भरण्यापूर्वी दोन तास ही मैदाने आजूबाजूच्या रहिवाशांना चालण्यापुरती मोकळी करावीत. याकरिता नवा कायदा नको, अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूदही नको. शिक्षणाधिकाऱ्यांचा एक हुकूम, मुख्याध्यापकांची संमती, आणि किल्ली कोणाच्या ताब्यात राहील याविषयीची एक लेखी नोंद, एवढ्यावर काम भागते. आणि किल्ली सांभाळण्याची जबाबदारी आनंदाने पत्करतील असे, पहाटे साडेचारलाच जाग येणारे निवृत्त गृहस्थ प्रत्येक गल्लीत दोन-चार तरी आहेतच.