तेल बदलले, झिजेचे काय?
रोहित्रांत खनिज तेलाऐवजी वनस्पतिजन्य एस्टर तेल वापरण्याकडे कल वाढतो आहे. खनिज तेलाचा ज्वलनबिंदू सुमारे १७० अंश सेल्सिअस, एस्टरचा ३०० च्या वर; दाट वस्तीतील उपकेंद्रांना हा फरक मोलाचा. परंतु रोहित्रात टॅप चेंजर नावाचा हलता भाग असतो. भार चालू असतानाच विद्युतदाब कमीजास्त करताना त्याचे धातूचे संपर्क एकमेकांवर घासतात आणि तेथे तेलाला वंगणाचेही काम करावे लागते. एस्टर अधिक घट्ट. त्याचा थर झीज रोखील, की संपर्कातील रोध वाढवून धातू तापवील? उत्तर धातू, तापमान व संपर्कबलानुसार बदलते; म्हणूनच या कंटाळवाण्या वाटणाऱ्या चाचण्यांवर पीएच.डी.ची वर्षे खर्ची पडतात. वीज कंपन्यांनी निविदेत ज्वलनबिंदूबरोबर त्याच तेलातील झीज-चाचणीचा अहवालही मागावयास हवा.