उपग्रहाने मासा दाखवला, नेला कोणी?

बिबवेवाडीशेजारच्या मार्केट यार्डातला ज्वारीचा भाव आज मोबाइलवर सर्वांनाच कळतो. थांबून विकण्याची ऐपत मात्र थोड्यांची. समुद्रावरही तेच चालले आहे. राज्य सरकारने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचे ठरवले, तेव्हा कोळी आता कागदोपत्रीही आमचा भाऊबंद आहे.

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्राची संस्था उपग्रहावरून समुद्राचे तापमान आणि हरितद्रव्य पाहते व मासळी कुठे सापडेल ते किनाऱ्याला कळवते. भटकंती वाचते, डिझेल वाचते. पण तोच निरोप मालवणच्या होडीला आणि तोच पर्ससीनच्या मोठ्या नौकेला! पाणाड्याने गावाला झरा दाखवावा आणि खोल बोअरवाल्याने तो रातोरात उपसावा, तसा हा प्रकार. पर्ससीनवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध घातले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. 720 किलोमीटरच्या किनाऱ्याला गस्तीनौका किती पुरणार? जानेवारी 2025 मध्ये ड्रोनची टेहळणी सुरू झाली, तिचे आम्ही स्वागतच करतो. तंत्रज्ञानाशी आमचे भांडण नाही.

मात्र ड्रोनने टिपलेले खात्याच्या संगणकात कुलूपबंद राहता कामा नये. कोणती नौका कुठे सापडली, दंड झाला की नाही, हे मच्छीमार सोसायटीला त्याच आठवड्यात कळले पाहिजे. रापणीचे जाळे गाव मिळून ओढतो, वाटेही मिळून करतो. राखणीचा हिशेब त्याला का जमू नये?

जिल्हा बैठकीत तसा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत किनाऱ्यावरच्या सोसायट्यांना धाडावी.