नाडी मोजली, पुढे काय?

मनगटावरील घड्याळाने केवळ वेळ सांगावी, हा काळ मागे पडला. नव्या घड्याळाच्या तळातून निघणारा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहावर पडतो आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून हृदयाचे ठोके मोजले जातात. अमेरिकेतील हूस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा मनगटी उपकरणाने दहा विद्यार्थ्यांची तीन परीक्षांच्या वेळची हृदयगती, त्वचेचे तापमान इत्यादी गोष्टी नोंदवून ती सामग्री २०२२ मध्ये अभ्यासकांस खुली केली. परीक्षेचे भय हा निव्वळ मनाचा खेळ नव्हे, तो शरीराचाही व्यापार आहे, ही जाणीव अशा प्रयत्नांच्या मुळाशी आहे.

भय वाटताच ॲड्रेनलिन रक्तात मिसळते आणि एरवी मिनिटाला ६० ते १०० पडणारे ठोके वाढतात. यात रोग नाही. संकटास तोंड देण्याची ती निसर्गाचीच योजना होय. तथापि जिना चढल्यानेही ठोके वाढतात. घड्याळ आकडा सांगते, कारण सांगत नाही, आणि उपाय तर मुळीच सांगत नाही.

हा भेद यवतमाळ जिल्ह्यास नव्याने शिकवावयास नको. २००१ पासून येथील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची सरकारदप्तरी मोजदाद होत आहे. प्रत्येक मृत्यूची चौकशी होते आणि मदतीसाठी ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. नोंदवह्या वाढल्या, त्यामुळे दुःखाचा उगम आटला, असे कोण म्हणेल? अशाच कापूस पिकविणाऱ्या घरांतली मुले आज यवतमाळ, पुसद, वणी येथे बारावीची व ‘नीट’ची तयारी करीत आहेत. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडविणाऱ्या मुलाच्या छातीतील धडधडीत कापसाचा भाव, शिकवणीचे शुल्क आणि बापाचे कर्जही मिसळलेले असते. ते कोणत्या यंत्राने वाचावे?

‘आमच्या वेळीही परीक्षा होत्याच’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी हा प्रश्न झटकून टाकणे आम्हांस मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानेही तो झटकलेला नाही. २५ जुलै २०२५ च्या निर्णयात त्याने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असा दंडक घातला. शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत.

म्हणून आमची मागणी साधी आहे. येत्या बारावीच्या परीक्षेपूर्वी जिल्हा प्रशासनाने कोणत्या संस्थेत समुपदेशक आहे व कोठे नाही, याची तालुकावार यादी प्रसिद्ध करावी. लहान शाळांसाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे साहाय्य घ्यावे. टेली-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक वर्गात ठळकपणे लावावा. घड्याळे वापरावयाचीच असतील तर विद्यार्थ्यांच्या संमतीने वापरावीत, आणि त्यांच्या नोंदी कोणाच्या गुणपत्रिकेशी जोडू नयेत.

नाडी पाहून निघून जाणाऱ्यास आपण वैद्य म्हणत नाही. संस्थाचालकांनी व शासनानेही स्वतःस हीच कसोटी लावावी.