शुद्धिपत्र मागणे हा मराठीद्रोह नव्हे



एका मराठी पुस्तकातील चुका मराठी वाचकांनीच दाखवल्या आणि आम्ही त्या लेखकापर्यंत पोहोचवल्या, एवढ्यावरून आम्हाला आमच्याच माणसांचे बोल ऐकावे लागले. “आपली भाषा इथे आधीच कोपऱ्यात ढकललेली, त्यात आपल्याच पुस्तकाची अब्रू चव्हाट्यावर कशाला मांडता?” असा प्रश्न आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बैठकीत केला. त्यांच्या निष्ठेविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु त्यांचे म्हणणे आम्हाला सर्वस्वी अमान्य आहे, आणि ते का अमान्य आहे हे जाहीरपणे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम हकिकत. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, नवशिक्याने कशी वापरावी हे सांगणारी एक मराठी मार्गदर्शिका आम्ही भालकी, औराद, बसवकल्याण आणि आळंद या तालुक्यांतील वाचकांना दिली. तिची निकड खरी होती. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागणारी यंत्रसामग्री जुन्या संगणकांत नसते, त्यामुळे अनेकांनी त्या संगणकांवर लिनक्स बसवण्याचा विचार सुरू केला. नव्या प्रणालीची तोंडओळख मायबोलीत व्हावी, ही अपेक्षा वाजवीच होती. वाचकांनी पुस्तक मन लावून वाचले, पायरी पायरीने करून पाहिले, आणि जिथे अडले तिथे लिहून कळवले. त्या कळवण्यांनी आमच्या वहीची पाने भरली.

त्या वहीतील नोंदी क्षुल्लक आहेत की नाहीत, हे वाचकांनीच ठरवावे.

पहिली नोंद आज्ञांविषयी. लिनक्समध्ये आज्ञा अक्षरशः जशी असेल तशीच लिहावी लागते. पुस्तकाच्या जुळणीत आखूड संयोगचिन्हाच्या जागी लांब अपसारणचिन्ह पडले आणि सरळ अवतरणचिन्हांची वळणदार झाली. छापील पानावर ते देखणे दिसते. प्रणाली मात्र त्या लांब रेषेला सूचना मानत नाही, फाइलचे नाव समजते आणि अशी फाइल नाही म्हणून सांगते. तसेच लिनक्सला रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर वेगवेगळे असते. पुस्तकाने वाक्याच्या आरंभी आलेल्या आज्ञेचे पहिले अक्षर मोठे केले, आणि आज्ञा निरुपयोगी झाली. नवशिक्या तीच ओळ दहादा लिहितो आणि शेवटी दोष स्वतःच्या बुद्धीला देतो.

दुसरी नोंद आवृत्तीविषयी. पुस्तक सांगते की स्टार्टचे बटण पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात असते. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ मध्ये ते मूळ मांडणीत तळपट्टीच्या मध्याकडे असते. हे विधान लिहिले तेव्हा कदाचित खरे असेल. पण ते कोणत्या आवृत्तीविषयी आहे हे पुस्तकात कुठेच लिहिलेले नाही. कायद्याच्या पुस्तकावर ‘अमुक तारखेपर्यंतच्या दुरुस्त्यांसह’ असे छापलेले नसेल, तर आम्ही वकील ते हातातही घेत नाही.

तिसरी नोंद परिभाषेची. एका प्रकरणात फाइलला ‘संचिका’ म्हटले आहे, पुढच्या प्रकरणात ‘धारिका’. आणि मध्येच ‘संचिका’ हा शब्द फोल्डरसाठी आला आहे. पर्यायी शब्दांना आमचा विरोध नाही. एका वस्तूला एक नाव ठरवावे आणि शेवटच्या पानापर्यंत पाळावे, एवढीच अपेक्षा आहे. करारपत्रात एकाच शेताला दोन नावे लिहिली, तर त्यातून दिवाणी दावा उभा राहतो.

चौथी नोंद आमच्या अगदी जिव्हाळ्याची. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द कसा उमटवावा? पुस्तक सांगते: र, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग य. तसे केल्यास ‘शेतकर्यांना’ असे उमटते, म्हणजे य च्या डोक्यावर रफार चढतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ ही कळ दाबून ‘ऱ’ घ्यावा, मग ‘डी’ ही कळ दाबून त्याचा पाय मोडावा आणि मग य लिहावा, म्हणजे ‘ऱ्य’ नीट उमटतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी यांच्याएवढे अंतर आहे. हिंदीला या भेदाची गरज नाही, मराठीला आहे. हिंदीची रीत उचलून तिला मराठी म्हणणारे पुस्तक मराठीचे संरक्षण करत नाही.

पाचवी नोंद लिहिताना आम्हाला आजही वाईट वाटते. प्रणाली बसवताना एका टप्प्यावर विचारले जाते की नवी प्रणाली जुनीच्या शेजारी ठेवायची, की संपूर्ण डिस्क पुसून बसवायची. पुस्तकात ‘पर्याय निवडून पुढे जावे’ एवढेच आहे. डिस्क पुसली गेल्यास त्यावरील सर्व काही जाईल, हा इशारा त्यानंतर दोन पानांनी छापला आहे. औराद तालुक्यातील एका निवृत्त गुरुजींनी आपल्या भागातील मराठी शाळांविषयी जमवलेली टिपणे आणि वर्षानुवर्षांच्या अर्जांचे मसुदे त्या संगणकात होते. त्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला आणि पर्याय निवडला. इशाऱ्याच्या पानापर्यंत ते पोहोचले, तेव्हा वाचवण्यासारखे काही उरले नव्हते.

या नोंदी आम्ही पृष्ठ आणि ओळ यांसह पाठवल्या. उत्तर आले ते असे: पुस्तक नवशिक्यांसाठी आहे, सूक्ष्म शंकांसाठी नाही, आणि अडचण आल्यास जवळच्या जाणकाराला विचारावे.

या उत्तरावर आमचा पहिला आक्षेप तर्काचा आहे. चुका कळवणारे सगळे नवशिकेच होते. जाणकार माणूस लांब रेषा पाहून मनातल्या मनात ती आखूड करतो आणि पुढे जातो. त्याला चूक दिसतच नाही. चूक दिसते ती शब्दावर अक्षरशः विश्वास ठेवणाऱ्याला. म्हणून नवशिक्यांसाठीच्या पुस्तकाचा खरा परीक्षक नवशिक्याच होय. त्याची साक्ष ‘तो अज्ञ आहे’ म्हणून फेटाळणे, हे जखमी माणसाची साक्ष तो डॉक्टर नाही म्हणून नाकारण्यासारखे आहे.

दुसरा आक्षेप ‘जवळच्या जाणकारा’विषयी. पुण्यात किंवा लातुरात नवशिक्या अडला, तर शेजारच्या गल्लीत मराठीतून सांगणारा भेटतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. तेव्हापासून इकडच्या कचेरीतली, सेवाकेंद्रातली आणि संगणकवर्गातली भाषा कन्नड किंवा इंग्रजी आहे. कन्नडशी आमचे वैर नाही. माणिकप्रभूंनी हुमनाबादेत मराठीबरोबर कन्नड आणि उर्दूतही पदे रचली. गाणगापूर आमच्याच कलबुर्गी जिल्ह्यात आहे आणि तिथे गुरुचरित्राचे मराठी पारायण अखंड चालते. परंतु ज्याला मराठीतूनच शिकायचे आहे, त्याला इथे पुस्तकावाचून दुसरा गुरू नाही. तिकडे छापील चुकीने अर्धा तास वाया जातो; इकडे त्याच चुकीने माणूस संगणकालाच दुरावतो.

कोणी म्हणेल की एवढ्याशा गोष्टीला सीमाप्रश्नाचे रूप देता. आमचे उत्तर राज्यघटनेत आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या तक्रारीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत संबंधित अधिकाऱ्याकडे देता येते. अनुच्छेद ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीविषयी आहे, आणि ३५० ख भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याविषयी. ही दोन्ही कलमे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. हे हक्क कागदावर राहायचे नसतील, तर निवेदन लिहिता आले पाहिजे, आणि आज निवेदन संगणकावर लिहिले जाते. जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या अर्जात ‘शेतकर्यांना’ असे उमटले, की आमचे मराठी कच्चे ठरते. चूक पुस्तकाची असली तरी सही आमची असते. महाराष्ट्राने केलेला २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर अर्ज लिहिण्याचे थांबवता येत नाही.

आता आमच्या ज्येष्ठांच्या मुख्य आक्षेपाकडे वळू. आपल्या ग्रंथातील चूक दाखवल्याने भाषेची अब्रू जाते काय? मराठीचा इतिहास नेमके उलटे सांगतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. पुढील जवळपास तीन शतकांत नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि मूळ ग्रंथ अतिशुद्ध असला तरी पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला होता, हे ग्रंथाच्या शेवटी स्वच्छ नोंदवले. नाथांनी माउलींची अब्रू चव्हाट्यावर मांडली, असे कोणी म्हणाले काय? मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली सुधारून, वाढवून पुन्हा काढावा लागला. आज आपण ती दुसरी आवृत्तीच प्रमाण मानतो. आपल्या जुन्या पुस्तकांच्या आरंभी किंवा अखेरीस शुद्धिपत्र असे. पुस्तक उघडताच वाचकाने पेन्सिल घेऊन त्याप्रमाणे दुरुस्त्या कराव्यात, ही रीत आमच्या वडीलधाऱ्यांनी पाळलेली आम्ही पाहिली आहे.

आमच्या व्यवसायातही हेच तत्त्व आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या कलम १५२ प्रमाणे निकालपत्रातील किंवा हुकूमनाम्यातील लेखनाची अथवा हिशेबाची चूक न्यायालय केव्हाही दुरुस्त करू शकते, स्वतःहून किंवा पक्षकाराच्या अर्जावरून. ज्याच्या शब्दावर जमिनी आणि घरे हात बदलतात, त्या न्यायालयाची प्रतिष्ठा चूक मान्य केल्याने कमी होत नाही. मग एका मार्गदर्शिकेची कशी होईल?

संगणकशास्त्राचा तर सगळा डोलारा याच रीतीवर उभा आहे. त्या शास्त्रातील श्रेष्ठ ग्रंथकार डोनाल्ड क्नुथ आपल्या पुस्तकातील चूक प्रथम दाखवणाऱ्या वाचकाला २ डॉलर ५६ सेंटचे बक्षीस देतात. पुष्कळांनी त्यांचा धनादेश बँकेत न भरता सन्मानपत्रासारखा जपून ठेवला. आणि आपल्या ‘ॲ’ चेच पाहा. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत ‘अ’ वर चंद्र चढवून किंवा हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरून वेळ मारून न्यावी लागे. मराठीची नड कुणीतरी नेमकेपणाने लिहून मांडली, म्हणून हे अक्षर आले. त्या वेळीही कुणी म्हणाले असते की आपली उणीव जगाला कशाला सांगता, तर आजही आपण ‘ॲ’ ला पारखे असतो.

म्हणून मराठीत संगणकाचे पुस्तक काढणाऱ्यांकडे आमच्या मागण्या अशा आहेत. एक: कार्यप्रणालीचे नाव, आवृत्ती आणि मजकूर तपासल्याची तारीख पहिल्या पानावर असावी. दोन: प्रत्येक आज्ञा जुळणीनंतर प्रत्यक्ष संगणकावर चालवून पाहावी. तीन: माहिती नष्ट करू शकणाऱ्या प्रत्येक पायरीचा इशारा त्या पायरीच्या आधी, ठळक अक्षरांत यावा. चार: पडद्यावर दिसणारे नाव जसेच्या तसे देऊन मगच मराठी शब्द द्यावा. पाच: तारीखवार शुद्धिपत्र प्रसिद्ध करावे आणि चूक कळवणाऱ्यास पोच द्यावी.

वाचकांकडेही आमचे मागणे आहे. ‘पुस्तक भंगार आहे’ हे कळवणे नव्हे. त्याने कुणाचेच भले होत नाही. पृष्ठ आणि ओळ लिहावी; आपल्या संगणकावरील प्रणाली व तिची आवृत्ती लिहावी; आपण नेमके काय केले, काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे त्याच क्रमाने लिहावे. फिर्याद अशीच लिहितात. आणि चूक आपली निघाली, तर तेही मोकळेपणाने कळवावे. आमच्या वहीतल्या काही नोंदी आम्ही पडताळणीनंतर खोडल्या आहेत.

त्या गुरुजींची टिपणे परत येणार नाहीत. ते सध्या आठवणीतून आणि जुन्या वह्यांतून ती पुन्हा लिहीत आहेत. त्यांच्या प्रतीत त्यांनी इशाऱ्याची ओळ शाईने जिथे हवी होती तिथे, दोन पाने आधी, लिहून ठेवली आहे, आणि ते पुस्तक आता शेजारच्या मुलाला वाचायला दिले आहे. पुस्तक त्यांनी फेकले नाही, लपवलेही नाही. आमच्या ज्येष्ठांनी मराठीनिष्ठेचे उदाहरण शोधायचेच असेल, तर ते त्या समासात पाहावे. तीच ओळ पुढच्या आवृत्तीत त्याच जागी छापली जाईपर्यंत आम्ही पत्रे लिहीत राहू.