दोष गोष्टीचा की मनाचा?

परवा ठाण्याहून डोंबिवलीला मामांकडे गेलो होतो. मामेभाऊ ‘डेथ नोट’ ही जपानी चित्रकथा वाचीत बसला होता. तीतल्या वहीत ज्याचे नाव लिहावे तो मरतो, एवढे ऐकताच मामा भडकले, “असलं वाचूनच पोरं खुनी होतात!” पुस्तक कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागले.

मामांची भीती अगदीच पोकळ नाही. २००७ साली ब्रुसेल्समध्ये एका प्रेताच्या अवशेषांजवळ याच कथेतील ‘किरा’चे नाव लिहिलेल्या चिठ्ठ्या सापडल्या होत्या.

पण आपल्या पुण्याकडे पाहा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून करणारे जक्कल आणि त्याचे साथीदार व्यावसायिक चित्रकलेचे विद्यार्थी होते. तुमच्याआमच्यासारखे रोज वर्गात बसणारे. पैशाच्या लोभाने त्यांनी घरेच्या घरे संपविली. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात चौघे फासावर गेले. या प्रकरणावरचा ‘माफीचा साक्षीदार’ हा चित्रपट आला १९८६ साली. म्हणजे गुन्हा आधी, गोष्ट मागाहून!

मला वाटते, गोष्ट फार तर गुन्ह्याला वेष पुरवील. लोभ आणि द्वेष माणसात आधीच असावे लागतात. ते कुलपाने जात नाहीत. त्यापेक्षा मुलाजवळ बसून “यात तुला कोणाचं पटतं?” एवढे विचारावे. उत्तर ऐकून घाबरण्याची वेळ आलीच, तर निदान वेळेवर तरी येईल.

मामांना मी हे सांगितले. किल्ली अजून त्यांच्याच खिशात आहे.