यात्रेहून परतलेल्या माणसाला काय विचारावे? एगेरियाचे जेरुसलेम

१/ काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील चाळीसेक जणांबरोबर माझी आजी जेरुसलेमची यात्रा करून परतली. 'काय काय पाहिलंस?' या माझ्या प्रश्नावर ती सांगू लागली: बेथलेहेमच्या चर्चच्या बुटक्या दारातून वाकून जाताना तिला कोणी हात दिला, जॉर्डनच्या काठी कोणाला रडू आवरेना, आणि ऑलिव्ह डोंगराच्या उतारावर सारे मराठी गीते गात कसे उतरले.

२/ मी तेव्हा इतिहासाच्या पदवीवर्गात नुकताच दाखल झालो होतो. ती वास्तू कोणत्या शतकातील, उत्खननात काय सापडले, दाखवली जाणारी जागा खरीच ती आहे का, हे मला हवे होते. आजीला त्यातले काहीच सांगता येईना, आणि मी वही मिटली. ती मिटण्यात माझे काय चुकले, ते मला चौथ्या शतकातील एका स्त्रीने शिकवले.

३/ तिचे नाव एगेरिया. रोमन साम्राज्याच्या पश्चिम टोकाकडून ती पूर्वेस आली. तिच्या प्रवासाचा काळ साधारणतः इ.स. ३८१ ते ३८४ मानला जातो. मागे राहिलेल्या आपल्या 'भगिनीं'साठी तिने लॅटिनमध्ये प्रवासवृत्त लिहिले. त्याचा आरंभ आणि शेवट दोन्ही हरवले आहेत. उरलेला भाग ११व्या शतकातील एका हस्तलिखितात टिकला आणि ते हस्तलिखित १८८४ साली इटलीतील आरेत्सो येथे सापडले. प्रारंभी तर संशोधकांनी ते दुसऱ्याच स्त्रीच्या नावावर घातले होते.

४/ पार्श्वभूमी थोडक्यात. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आश्रयाने जेरुसलेममध्ये ख्रिस्ताच्या कबरीच्या स्थानी भव्य चर्च उभे राहिले आणि ३३५ साली त्याचे समर्पण झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, ३३३ मध्ये, बोर्दो येथून आलेल्या एका अनामिक यात्रेकरूने आपला मार्ग नोंदवला होता: कुठे घोडे बदलले, कुठे मुक्काम झाला, किती अंतर कापले, कोणते स्थळ कोठे आहे.

५/ एगेरियाही स्थळे पाहते. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी तिला मोशेचे जळते झुडूप दाखवले जाते, आणि ते अजून जिवंत असून त्याला पालवी फुटते, असे ती निःशंकपणे लिहिते. आपण येथे हसतो. परंतु प्रत्येक स्थळी तिची मंडळी काय करते, हेही ती सांगते: प्रार्थना, बायबलमधील त्या जागेशी निगडित उताऱ्याचे वाचन, स्तोत्र, पुन्हा प्रार्थना. स्थळाला अर्थ येतो तो या सामूहिक वाचनातून.

६/ माझ्या मते तिच्या लेखनाचा सर्वांत मौल्यवान भाग जेरुसलेमच्या ख्रिस्ती मंडळीविषयीचा आहे. कोंबडा आरवण्यापूर्वी दारे उघडतात. संन्यासी आणि संन्यासिनींबरोबर सामान्य स्त्रीपुरुषही आत येतात. रविवारी बिशप पुनरुत्थानाचा वृत्तांत वाचतात, तेव्हा जमलेली माणसे हुंदके देतात. एखाद्या नगराची पहाट इतक्या जवळून दाखवणारी साधने त्या काळातून फार थोडी उरली आहेत.

७/ भाषेचा प्रश्न पाहा. बिशपना सुरियानी येत असली तरी ते ग्रीकमध्येच बोलतात; शेजारी उभा असलेला एक धर्मगुरू त्याचे सुरियानीत भाषांतर करतो. ज्यांना फक्त लॅटिन कळते, त्यांना दोन्ही भाषा जाणणारे बंधुभगिनी समजावून सांगतात. तीन भाषांची ही मंडळी एकत्र कशी राहिली असेल, याचे उत्तर दगडांच्या काळमापनातून मिळणार नाही.

८/ झावळ्यांच्या रविवारी सारे ऑलिव्ह डोंगरावरून नगरात पायी उतरतात. ज्यांना चालता येत नाही अशी लहान मुलेही आईवडिलांच्या खांद्यावर असतात. प्रतिष्ठित स्त्रीपुरुषही पायीच. लोक थकू नयेत म्हणून मिरवणूक अगदी हळूहळू चालते. हे वाक्य मी प्रथम वाचले, तेव्हा आजीचा दुखरा गुडघा आणि तिच्यासाठी थांबलेला तो चाळीस जणांचा घोळका डोळ्यांसमोर आला.

९/ तथापि हे चित्र केवळ रम्य नाही. गुड फ्रायडेला क्रूसाच्या लाकडाचे चुंबन घेताना भोवती सेवक पहारा देतात, कारण कोणीतरी पूर्वी त्याचा तुकडा दातांनी तोडून नेल्याचे सांगितले जाई. बाप्तिस्म्यासाठी नाव देणाऱ्याविषयी बिशप शेजाऱ्यांना विचारतात: हा आईवडिलांचा मान राखतो का? मद्यपी, लबाड तर नाही? ज्याला ओळखणारे कोणी नाही, अशा परक्याचा प्रवेश सोपा नव्हता.

१०/ आणि मंडळीबाहेर कोण होते? बोर्दोच्या त्याच यात्रेकरूने नोंदवले आहे की ज्यू लोक वर्षातून एकदा मंदिराच्या जागी येऊन एका शिळेपाशी विलाप करीत. ज्या नगरात इतरांना रोज पहाटे दारे उघडी होती, तेथे त्यांच्या वाट्याला वर्षातली एक भेट आली होती. समुदायाचा इतिहास लिहिताना त्याच्या उंबरठ्याचाही इतिहास लिहावा लागतो.

११/ यात्रेवर आक्षेपही त्याच काळात घेतले गेले. नीसाच्या ग्रेगरीने लिहिले की स्थळ बदलल्याने ईश्वर अधिक जवळ येत नाही. जेरोम ३८६ पासून बेथलेहेममध्येच राहिला, तरी स्वर्गाचे दार जेरुसलेमहून आणि ब्रिटनहून सारखेच उघडे आहे, असे त्याने एका पत्रात बजावले. हे आक्षेप मला पटतात. मात्र ते ईश्वर कोठे भेटतो याविषयी आहेत. माणसे एकमेकांना कोठे भेटतात, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही.

१२/ म्हणून माझे मत असे: 'ही जागा खरी का?' हा प्रश्न आवश्यकच आहे आणि तो सोडू नये. पण आपण इतिहासप्रेमी बहुधा तेथेच थांबतो. स्थळ संशयास्पद ठरले की यात्रेकरूची साक्षही निकालात काढतो. सिनायच्या झुडपाविषयी एगेरियाचा विश्वास भाबडा असेल; जेरुसलेमच्या पहाटेविषयी तिची नोंद अनमोल आहे. दोन्ही एकाच लेखणीतून उतरल्या आहेत.

१३/ गेल्या नाताळात मी आजीला तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी वही उघडीच ठेवली. चाळिसांपैकी काही जण आता हयात नाहीत, काहींची नावे ती विसरली आहे. पहिल्याच वेळी लिहून घेतले असते, तर ती नावे आज माझ्याकडे असती.

१४/ तुमच्या घरातही कोणी पंढरीला, काशीला, हजला वा जेरुसलेमला जाऊन आले असेल. त्यांना विचारा: सोबत कोण होते, कोण थकले, कोण थांबले, काय गायले? उत्तर लिहून ठेवा आणि खाली तारीख घाला.