विश्लेषण : ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी ‘चेक इंजिन’चा दिवा का पेटतो?

वसई-विरारमध्ये पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढणे नवे नाही. जुलै २०१८ मध्ये तर रेल्वेमार्गही पाण्याखाली गेला होता. पाणी ओसरते, पण काही दिवसांनी ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. गॅरेजमध्ये ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, हजारोंचे बिल होते आणि दिवा पुन्हा पेटतो.

सेन्सरचे काम काय?
इंजिनातून निघालेल्या धुरातला ऑक्सिजन ओळखून तो ईसीयूला कळवतो. त्यानुसार इंधनाचे प्रमाण ठरते. म्हणजे सेन्सर हा निरोप्या. निरोप वाईट म्हणून निरोप्याच बदलला, तर मूळ दुखणे तसेच राहते.

नवा बसवल्यावर काय तपासावे?
आधी जुना कोड पुसून गाडी चालवावी आणि स्कॅनरने पुन्हा कोड वाचावा. पी०१३५ आल्यास पुढच्या सेन्सरच्या हीटरचा फ्यूज, वायरिंग आणि कनेक्टरमधील गंज पाहावा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. इथे इनटेकमधील हवागळती किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट पाइपला गेलेली चीर शोधावी. इंजिन गरम झाल्यावर पुढच्या झिर्कोनिया सेन्सरचे व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टदरम्यान सतत वरखाली व्हायला हवे.

ग्राहकाने काय मागावे?
बिलावर कोड आणि दुरुस्तीआधीचे-नंतरचे रीडिंग. बॅटरीची वायर काढून दिवा विझवणे ही दुरुस्ती नव्हे. बिघाड तसाच राहिला तर पेट्रोल वाया जाते आणि सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही निकामी होऊ शकतो.